ऐच्छिक पुनर्वसन आणि संमतीचा प्रश्न : मेळघाटातून अकोट परिसरात आलेली कोरकू गावे

प्रस्तावना

विस्थापनाची चर्चा होते तेव्हा युद्ध, फाळणी किंवा सीमाबदल ही त्याची कारणे सर्वप्रथम आठवतात. युरोपात याचे ठळक उदाहरण ग्रीसच्या उत्तर भागातील मॅसेडोनियन भाषकांचे आहे. १९१३ च्या बुखारेस्ट तहाने हा प्रदेश ग्रीसकडे गेला. पुढे १९२६ मध्ये गावांची स्लाव्ह नावे बदलून ग्रीक नावे देण्यात आली. १९३६ नंतर मेटाक्सास राजवटीत ही भाषा बोलण्यावरच बंदी आली आणि १९४६ ते १९४९ च्या यादवी युद्धात हजारो कुटुंबे देशाबाहेर गेली. १९४८ साली ग्रीक व मॅसेडोनियन मिळून सुमारे २८,००० मुले सीमेपलीकडे हलविली गेली. १९८२ मध्ये ग्रीक सरकारने या युद्धातील निर्वासितांना परतण्याची मुभा दिली. मात्र ती वंशाने ग्रीक असलेल्यांपुरतीच होती. या इतिहासात विस्थापन घडवून आणणारा कोण, याविषयी फारसा संभ्रम राहत नाही. राज्यसंस्थेने आपली भूमिका आदेशांत आणि कायद्यांत नोंदवून ठेवली आहे.

विस्थापनाचा दुसरा एक प्रकार असा आहे की त्यात सैन्य नसते, सीमा बदलत नाही आणि कागदावर सक्तीचा उल्लेखही नसतो. त्यात अर्ज असतो, ठराव असतो, त्याखाली सही किंवा अंगठा असतो. शासकीय दप्तरात त्याची नोंद 'ऐच्छिक पुनर्वसन' अशी केली जाते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून अकोट व तेल्हारा तालुक्यांत आलेली कोरकू गावे या प्रकारात मोडतात. प्रस्तुत लेखात 'ऐच्छिक' या विशेषणाला कायद्याने कोणता अर्थ दिला आहे आणि व्यवहारात त्याला कोणता अर्थ प्राप्त झाला, याचे विवेचन केले आहे. दोन्ही उदाहरणे समान आहेत असे येथे अभिप्रेत नाही. वांशिक छळ आणि संवर्धनासाठीचे स्थलांतर यांचे हेतू भिन्न आहेत. तथापि गाव, भाषा आणि परतीचा मार्ग गमावणे हा अनुभव दोहोंत आढळतो, आणि हेतू चांगला असला म्हणजे तो अनुभव सौम्य होतो असे नाही.

मेळघाट आणि कोरकू

कोरकू ही भाषा मुंडा कुळातील आहे. संथाळी, मुंडारी या तिच्या भगिनी भाषा झारखंड, ओडिशाकडे. त्यांच्यापासून शेकडो मैल पश्चिमेला सातपुड्यात ही एकटी भाषा टिकून राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेश व महाराष्ट्र मिळून तिचे भाषक सुमारे सव्वासात लाख आहेत. (याच पट्ट्यात जळगाव-जामोदच्या बाजूस निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चित झालेले नाही. वऱ्हाडातील भाषाविषयक अभ्यासक्रमांत तिचा उल्लेख क्वचितच येतो, ही खेदाची बाब होय.) समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मधून रुंद रस्ता ही कोरकू गावाची सर्वसाधारण रचना. मृतांच्या स्मरणार्थ सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेला सागवानी स्मृतिस्तंभ ठराविक झाडाखाली उभा केला जातो. गाव हलले तरी ते झाड आणि ते स्तंभ हलत नाहीत, ही गोष्ट पुनर्वसनाच्या कोणत्याही मूल्यांकन तक्त्यात बसत नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर मेळघाटचे जंगल टप्प्याटप्प्याने राखीव झाले. फिरत्या शेतीवर निर्बंध आले. लाकूडतोड व रस्त्यांच्या कामासाठी मजूर हवे होते, म्हणून वनखात्याने वनग्रामे वसविली व तेथील कुटुंबांना कसण्यासाठी जमीन दिली. ती जमीन पट्ट्याची होती, मालकीची नव्हती. हा तपशील महत्त्वाचा आहे. शंभर वर्षांनंतर भरपाई ठरविण्याची वेळ आली, तेव्हा अनेक कुटुंबांकडे पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचा मालकीहक्क दाखविणारा कागद नव्हता.

२२ फेब्रुवारी १९७४ रोजी मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि १९९७ मध्ये नरनाळा, वान व अंबाबरवा ही अभयारण्ये झाली. यानंतर स्थलांतराचे पहिले पर्व सुरू झाले. बोरी, कोहा व कुंड ही गावे नव्या शतकाच्या आरंभी हलविण्यात आली. त्या वेळी केंद्राची मदत कुटुंबामागे एक लाख रुपये होती. दुसरे पर्व अधिक मोठे होते. २०११ ते २०१५ या काळात अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा बुद्रुक, सोमठाणा खुर्द व केलपाणी ही आठ गावे अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या आठ गावांसंबंधी आहे.

कायद्याने घातलेल्या अटी

२००६ हे वर्ष या विषयात निर्णायक ठरते. त्या वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ३८ व्ही आले आणि संसदेने वनहक्क कायदाही संमत केला. वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची स्पष्ट कबुली आहे. या दोन्ही कायद्यांनी वाघासाठी अबाधित क्षेत्र राखण्याची मुभा दिली. परंतु त्यासाठी ठराविक क्रमही घालून दिला. प्रथम त्या क्षेत्रातील लोकांचे वनहक्क निश्चित व मान्य झाले पाहिजेत. त्यानंतर मानवी वावरामुळे वन्यजीवांची भरून न येणारी हानी होते, हे सिद्ध झाले पाहिजे. सहजीवनाचा अन्य वाजवी पर्याय नाही, असा निष्कर्ष निघाला पाहिजे. उपजीविकेची हमी देणारी योजना तयार झाल्यावर ग्रामसभेची व संबंधित व्यक्तींची माहितीपूर्ण संमती घ्यावयाची. आणि नव्या ठिकाणी जमीन व सुविधा पूर्ण होईपर्यंत जुन्या हक्कांना हात लावावयाचा नाही.

या अटींचा सूक्ष्म विचार केल्यास असे दिसते की संमती ही त्यातील शेवटून दुसरी पायरी आहे. आपल्याजवळ कायद्याने काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचीच संमती कायद्याला अभिप्रेत आहे. हक्क निश्चित झालेले नसताना घेतलेल्या संमतीत माणूस नेमके काय सोडून देत आहे, हे त्यालाही माहीत नसते.

आता प्रत्यक्ष घटनाक्रम पाहावा. मेळघाटचे १,५०० चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र २७ डिसेंबर २००७ रोजी अधिसूचित झाले. वनहक्क कायदा अमलात आला तो ३१ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे चार दिवसांनी. महाराष्ट्रातील इतर व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रेही याच सुमारास जाहीर झाली. हक्कनिश्चिती आधी व सीमानिश्चिती नंतर, हा कायद्याचा क्रम येथे उलटा झाला. गावांचे हक्क तपासण्यापूर्वीच ती गावे वाघाच्या क्षेत्रातील 'अडथळा' म्हणून नकाशावर आली होती. पुढे २८ मार्च २०१७ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने अशा क्षेत्रांत वनहक्क देऊ नयेत असे पत्र काढले व ते २०१८ मध्ये मागे घ्यावे लागले. मधल्या एका वर्षात हक्क नाकारण्यास अधिकृत आधार मिळाला होता, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

संमतीच्या संदर्भात आणखी एक मुद्दा येतो. गावात रस्ता, वीज, दवाखाना नाही, म्हणून लोकांना बाहेर यावेसे वाटते, असे वनविभागाकडून व काही संवर्धनवादी संस्थांकडून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. रानडुकरांनी पीक नासविणे, पावसाळ्यात संपर्क तुटणे, आजारी माणसाला खाटेवरून न्यावे लागणे, हे मेळघाटातील वास्तव होते व काही गावांत आजही आहे. तरुण पिढीतील अनेकांना बाहेर पडण्याची ओढ होती, हेही मान्य करावयास हवे. परंतु वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ने शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचे पाणी अशा १३ प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद केलेली आहे. सुविधा देण्याचा मार्ग कायद्यात उपलब्ध असताना त्या न देता, सुविधांचा अभाव हेच स्थलांतराचे कारण म्हणून पुढे केले जाते, तेव्हा त्या इच्छेला कितपत स्वतंत्र इच्छा म्हणावे, हा प्रश्न उरतो.

दहा लाखांचे गणित

२००८ मध्ये केंद्राने मदतीची रक्कम एक लाखावरून दहा लाख केली. कुटुंबापुढे दोन पर्याय ठेवले गेले. पहिल्यात सर्व रक्कम रोख स्वरूपात, बँक खात्यातून व जिल्हा प्रशासनाच्या देखरेखीखाली मिळते. दुसऱ्यात शासन जमीन, घर व सुविधा देते. दुसऱ्या पर्यायासाठी या दहा लाखांची जी विभागणी ठरविण्यात आली, ती पाहण्यासारखी आहे. दोन हेक्टर शेतजमीन व तिचा विकास यासाठी ३५ टक्के, हक्कांच्या मोबदल्यासाठी ३० टक्के, घर व घराची जागा यांसाठी २० टक्के, सामुदायिक सुविधांसाठी १० टक्के व प्रोत्साहन म्हणून ५ टक्के. म्हणजे दोन हेक्टर, साधारणतः पाच एकर जमिनीसाठी साडेतीन लाख रुपये. एकरी सत्तर हजार रुपये झाले, आणि त्यातच जमिनीच्या सुधारणेचा खर्च. केळी, संत्रा व पानमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अकोट-तेल्हाऱ्याच्या डोंगरपायथ्याशी या भावात बागायती तर सोडाच, बरी कोरडवाहू जमीन मिळते काय, हे या परिसरातील वाचकांस वेगळे सांगावयास नको. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात उतरावे तर खारपाणपट्टा लागतो. तेथे विहिरीचे पाणी पिण्यासही चालत नाही.

दहा लाख ही रक्कम २००८ ते २०२१ पर्यंत तशीच राहिली व २०२१ मध्ये ती पंधरा लाख झाली. तेरा वर्षांत जमिनीचे, सिमेंटचे आणि मजुरीचे दर कोठून कोठे गेले, याचा विचार केल्यास २०१५ मध्ये बाहेर पडलेल्या कुटुंबाला मिळालेले दहा लाख हे २००८ च्या दहा लाखांएवढे नव्हते हे उघड आहे.

'कुटुंब' या शब्दाची व्याख्याही परिणामकारक ठरते. १८ वर्षांवरील प्रत्येक मुलगा, विवाहित असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मानला जातो. तसेच १८ वर्षांवरील अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती व अनाथ बालकही. व्याख्या उदार आहे यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम असा की ज्या घरात तीन प्रौढ मुले आहेत त्या घराला चाळीस लाख व शेजारच्या लहान मुलांच्या घराला दहा लाख. ठरलेल्या तारखेला सतरा वर्षांचा असलेला मुलगा वर्षभराने प्रौढ होतो तेव्हा त्याच्या हाती काही नसते, आणि वडिलांची जमीनही नसते. जंगलात जमीन थोडी असली तरी वाढत्या कुटुंबाला वनोपजाचा आधार असे. तो आधार वयाची अट विचारत नसे. शिवाय पैसा कुटुंबागणिक वाटला जात असल्यामुळे संमतीही हळूहळू कुटुंबागणिक होत जाते. निम्म्या घरांनी यादीत नावे दिली की उरलेल्यांना रिकाम्या होत जाणाऱ्या गावात राहणे अवघड होते. कायद्याला अपेक्षित असलेली ग्रामसभेची सामूहिक संमती अशा वेळी एकेका घराच्या नाइलाजात विरून जाते.

सपाटीवरील जीवन

समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून उद्भवणारे आठ धोके सांगितले आहेत. त्यांत भूमिहीनता, बेरोजगारी, बेघरपणा, सीमांतीकरण, अन्नअसुरक्षितता, वाढते आजार व मृत्यू, सामाईक संसाधनांना मुकणे आणि सामाजिक विघटन यांचा अंतर्भाव होतो. मेळघाटच्या बाबतीत यातील सामाईक संसाधनांचा धोका मुळाशी आहे असे दिसते. मोहफुले, चारोळी, डिंक, तेंदूपाने, बांबू, खेकडे-मासे, रानभाज्या, सरपण, गुरांचा चारा यांची किंमत कोणत्याही पंचनाम्यात लिहिली गेली नाही, कारण त्या विकत घेतल्या जात नव्हत्या. सपाटीवर आल्यावर यातील प्रत्येक वस्तूला दाम पडतो. जळणाचेच उदाहरण घेतले तर वऱ्हाडात पऱ्हाट्या व तुराट्या शेतमालकाच्या असतात. मजुरास त्या मागून घ्याव्या लागतात. चराईची जमीन नाही म्हणून गुरे ठेवणे कठीण होते. कापूस वेचणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी ही कामे हंगामी असतात. दहा लाखांची रक्कम अशा रोजच्या खर्चात, घरबांधणीत, मोटारसायकलीत व आजारपणात झिजत जाते. या खर्चावरून आदिवासींना 'उधळे' ठरविण्याची प्रवृत्ती तालुक्याच्या गावी ऐकू येते. ज्या समाजाचा रोख पैशाशी संबंध तेंदूपाने आणि मजुरीपुरता होता, त्याला जमिनीऐवजी रोख रक्कम देणाऱ्या योजनेबद्दल मात्र कोणी तसे बोलत नाही.

आरोग्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्थलांतरानंतरच्या काही वर्षांत या आठ गावांत दोनशेहून अधिक मृत्यू झाल्याचा दावा गावकऱ्यांनी केला व तो वृत्तपत्रांतून प्रसिद्धही झाला. मेळघाटात बालमृत्यू व कुपोषणाचा प्रश्न १९९३ पासून गाजत आहे, म्हणजे जंगलातील जीवनही निरोगी नव्हते. त्यामुळे या दाव्याची शहानिशा करावयाची तर स्थलांतरापूर्वीच्या व नंतरच्या जन्म-मृत्यू नोंदी गावनिहाय व वयनिहाय समोरासमोर ठेवाव्या लागतील. ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्र येथील नोंदींवरून असे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांचे समाजशास्त्र, अर्थशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभाग करू शकतात.

प्रशासकीय स्थितीत झालेला बदल सहजासहजी लक्षात येत नाही. धारणी व चिखलदरा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहेत. अकोट व तेल्हारा नाहीत. १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन दूर झाल्यामुळे कोरकूंची अनुसूचित जमातीची ओळख राज्यभर टिकते, आणि आदिवासी जमिनीच्या हस्तांतरावरील निर्बंधही लागू राहतात. परंतु १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार अनुसूचित क्षेत्राबाहेर मिळत नाहीत. ज्या ग्रामसभेने स्थलांतरास संमती दिली, ती ग्रामसभा त्या संमतीबरोबरच आपले विशेष स्थान गमावते. हा परिणाम ठरावाच्या वेळी कोणी समजावून सांगितला होता काय, हा 'माहितीपूर्ण संमती'च्या संदर्भातील रास्त प्रश्न आहे.

परतीचा प्रयत्न

२०१७ साली पुनर्वसित गावांतील अनेक कुटुंबे आपल्या मूळ गावठाणांकडे परत निघाली. चर्चा झाली, आश्वासने मिळाली व लोक खाली उतरले. आश्वासने अपुरी राहिली असे म्हणत जानेवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा जंगलात गेले. गुल्लरघाट-केलपाणी परिसरात त्यांचा वनकर्मचारी व राज्य राखीव पोलीस दलाशी संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे अनेक जण जखमी झाले. जखमी वनकर्मचाऱ्यांतही याच भागातील सामान्य घरांतील तरुण होते, ही गोष्ट नजरेआड करणे योग्य होणार नाही. दोन्ही वेळच्या मागण्यांत शेतजमिनीची मागणी प्रमुख होती. याचा अर्थ असा की आंदोलकांपैकी अनेकांचा विरोध बाहेर येण्याला नव्हता. ज्या अटींवर आणले गेले त्या पाळल्या न जाण्याला होता. कायद्याची शेवटची अट, म्हणजे जमीन व सुविधा आधी पूर्ण करणे, हीच ते वेगळ्या शब्दांत मागत होते. परंतु एकदा गावठाण रिकामे झाल्यावर तेथे पाऊल ठेवणे हा वनगुन्हा ठरतो. कालपर्यंतचा रहिवासी 'अतिक्रमक' या संज्ञेत जाऊन बसतो.

या संदर्भात धारगडचे उदाहरण बोलके आहे. तेथील महादेवाच्या दर्शनास श्रावणातील तिसऱ्या सोमवारी अकोट व आसपासच्या तालुक्यांतून हजारो शिवभक्त जातात. व्याघ्र प्रकल्पात असूनही ही यात्रा नियम व बंदोबस्तासह चालू आहे, आणि ती बंद व्हावी असे येथे सुचवावयाचे नाही. धारगडचे मूळ रहिवासी मात्र आता या यात्रेपुरतेच, इतर यात्रेकरूंप्रमाणे, आपल्या गावी जाऊ शकतात.

सहजीवनाचा पर्याय

गावे हलल्यानंतर वैराट, चुर्णी यांसारख्या ठिकाणी गवताळ कुरणे तयार झाली. तृणभक्षी प्राणी व त्यांच्यामागे वाघ तेथे दिसू लागले. संवर्धनाच्या दृष्टीने हा लाभ खरा आहे. परंतु कायदा विचारतो तो प्रश्न निराळा आहे: हा लाभ गाव न हलविता मिळणे अशक्य होते काय? कलम ३८ व्ही नुसार याचे उत्तर त्या क्षेत्राशी परिचित असलेल्या परिसरतज्ज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांच्या सल्ल्याने आणि आदिवासींच्या संमतीने, गावनिहाय, स्थलांतरापूर्वी द्यावयाचे असते.

याच मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड जंगल राखले. सीताफळाच्या उत्पन्नातून रोजगार उभा केला व २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संलग्न भारत जैवविविधता पुरस्कार मिळविला. पायविहीर गाभा क्षेत्रात नाही, त्यामुळे तेथील अनुभव जसाच्या तसा केलपाणीला लावता येणार नाही. तरी हक्क मिळाल्यावर गाव जंगल तोडतेच, या गृहीतकाला त्याने बाध येतो.

१९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून गाभा क्षेत्रांतील उर्वरित गावांच्या स्थलांतराचे वेळापत्रक मागविले आहे. पत्रानुसार देशात अशी ५९१ गावे व ६४,८०१ कुटुंबे आहेत. मेळघाटातील शिल्लक गावे त्यांत येतात. त्या गावांच्या ग्रामसभांपुढे पंधरा लाखांचा प्रस्ताव येईल, तेव्हा वैयक्तिक व सामूहिक वनहक्कांचे दावे निकाली निघालेले असतील की प्रलंबित, आणि नव्या गावातील जमीन मोजून ताब्यात मिळालेली असेल की केवळ आराखड्यात दाखविलेली, यावरून त्या संमतीचे स्वरूप ठरणार आहे.